बराक क्रमांक ते आभा क्रमांक : तीन शहरांतील आरोग्य नोंदींच्या शिक्षणाचा इतिहास

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत आरोग्य खात्याच्या माणसांना संगणक शिकवण्याचे काम गेल्या पंचवीस वर्षांतले आहे. नोंद कशी ठेवायची हे शिकवण्याचे काम त्याहून पुष्कळ जुने. पहिल्याचा इतिहास दुसऱ्यावाचून कळत नाही, कारण पडद्यावर दिसणारा प्रत्येक आकडा कोणीतरी कुठल्यातरी दारात उभे राहून, विचारून, ऐकून टिपलेला असतो. नाव कसे लिहायचे, पत्ता कुठला धरायचा, घटना कोणत्या तारखेची मानायची, हे ज्याला नीट ठरवता येते त्याच्याच हाती संगणक उपयोगी पडतो.

मुंबई इलाख्यात गावातील जन्म-मृत्यूची नोंद गावकामगारांकडे असे. गाव नमुना १४ आणि कोतवाल बुक ही नावे आजही महाराष्ट्रात परिचयाची आहेत, कारण जातीचा पुरावा शोधताना याच वह्या उघडल्या जातात. नोंद करणाऱ्याला वैद्यकाचे शिक्षण नसे. पटकी, देवी, प्लेग यांना स्वतंत्र रकाने होते. बाकी बहुतेक मृत्यूंपुढे ‘ताप’ एवढाच शब्द पडे. तरीही साथ कोणत्या महिन्यात कोणत्या तालुक्यात शिरली हे या रकान्यांच्या बेरजेवरून समजत असे. स्वातंत्र्यानंतर जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ साली झाला. महाराष्ट्रात या नोंदींची संख्यात्मक बाजू सांभाळण्याचे काम पुण्याच्या आरोग्य माहिती व जीवनविषयक आकडेवारी विभागाकडे आले. शहरात नगरपालिकेचा आरोग्य विभाग आणि खेड्यात ग्रामपंचायत, अशी निबंधकांची वाटणी झाली.

या कायद्यातली एक तरतूद तिन्ही शहरांच्या आरोग्य-आकडेवारीवर कायम परिणाम करून राहिली आहे. जन्म किंवा मृत्यू जिथे घडतो, नोंद तिथेच होते. माणूस कुठे राहतो याने फरक पडत नाही. बदलापूरची बाई बाळंतपणासाठी उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात आली, तर बाळाचा दाखला उल्हासनगरचा. लस मात्र बदलापुरात टोचली जाणार, आणि अंगणवाडीत नाव तिथेच लागणार. जन्माच्या फॉर्मचे दोन भाग असतात, कायदेशीर आणि सांख्यिकी. आईच्या राहण्याचे गाव किंवा शहर सांख्यिकी भागात येते. दाखल्यावर तो भाग छापला जात नाही, म्हणून गर्दीच्या टेबलावर तोच घाईने भरला जातो. घटनेचे ठिकाण आणि राहण्याचे ठिकाण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकणे हा इथल्या नोंद शिक्षणाचा पहिला धडा आहे, आणि तो संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे.

पत्त्याचा प्रश्न उल्हासनगरात आणखी अवघड झाला, त्यालाही इतिहास कारण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना याच छावणीच्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. शहर पाच कॅम्पांत विभागले गेले. पत्ता रस्त्याच्या नावाने न लिहिता कॅम्प, बराक, ब्लॉक आणि खोली यांच्या क्रमांकांनी लिहिण्याची इथली रीत त्या छावणीतून आली. पुढे बराकींच्या जागी इमारती उठल्या, खोल्यांचे पोटभाग पडले, एकाच क्रमांकावर दुकान, कारखाना आणि चार बिऱ्हाडे नांदू लागली. तरी लोकांच्या तोंडी जुनाच क्रमांक राहिला. हिवतापाचा रुग्ण नेमका कोणत्या घरातला हे शोधत जाणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याला बराक क्रमांकाशेजारी जवळची खूण लिहून ठेवावी लागे : अमुक दरबाराच्या मागे, तमुक शाळेसमोर. कोणत्याही पुस्तकात नसलेली ही युक्ती जुन्या माणसांनी नव्यांना शिकवली, आणि उत्तम नोंद म्हणजे काय याचा तो नमुना आहे.

अंबरनाथची घडण वेगळी. विमकोचा काडेपेटी कारखाना, दारूगोळा कारखाना, पुढे औद्योगिक वसाहत, असे हे कामगारांचे गाव. इथल्या पुष्कळ कुटुंबांचे आरोग्य १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याखाली आले. त्यामुळे नगरपालिकेच्या दवाखान्यात एक वही, विम्याच्या दवाखान्यात दुसरी आणि संरक्षण कारखान्याच्या रुग्णालयात तिसरी, अशी स्थिती झाली. कामगार तापाने आजारी पडला तर त्याची नोंद विम्याच्या कागदांत रजेच्या हिशेबासाठी पक्की होई, पण शहराच्या साथरोग अहवालात ती येईलच अशी खात्री नसे. बदलापूर या दोन्हींपेक्षा निवांत होते. मुंबईत घर न परवडणाऱ्या मध्यमवर्गाने ते भरून काढले. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि बदलापूरची १,७४,२२६ होती.

कारभाराच्या सीमाही स्थिर राहिल्या नाहीत. १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात घेतले गेले. १९९२ मध्ये ते पुन्हा बाहेर पडले. उल्हासनगरची स्वतंत्र महानगरपालिका १९९६ ची. मध्यवर्ती रुग्णालय राज्य सरकारचे, अंबरनाथचे छाया रुग्णालय आणि बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय त्याच साखळीत, आणि आजूबाजूच्या खेड्यांतील उपकेंद्रे जिल्हा परिषदेची. सीमा बदलली की वह्या एका कार्यालयातून दुसऱ्यात जातात, आणि गेल्या वर्षाच्या आकड्याशी या वर्षाचा आकडा जुळेनासा होतो. पुढे प्रत्येक संगणक प्रणालीत याच सीमांनुसार लॉगिन मिळाले. कागदावरच्या फटी पडद्यावर तशाच उतरल्या.

संगणकापूर्वी या कामासाठी माणसे घडवणाऱ्या संस्था महाराष्ट्रात होत्या, याचा अनेकदा विसर पडतो. मुंबईत १९२६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था स्वच्छता निरीक्षकाची पदविका चालवत आली आहे. राज्यातल्या कितीतरी पालिकांचे स्वच्छता निरीक्षक तिथून तयार झाले. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत १९५६ पासून लोकसंख्याशास्त्र शिकवले जाते. केंद्र सरकारने १९६१ साली केंद्रीय आरोग्य माहिती विभाग काढला, आणि त्याच्या पुढाकाराने वैद्यकीय अभिलेख तंत्रज्ञांचे अभ्यासक्रम चालू झाले. रुग्णाचा केसपेपर जपून ठेवणे, रोगाला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला संकेतांक देणे, मृत्यूच्या प्रमाणपत्रावरून मूळ कारण वेगळे काढणे ही त्यांची कामे. हृदय बंद पडले हे मृत्यूचे कारण नसते; ते कशामुळे बंद पडले ते कारण असते. हा फरक शिकलेला एक अभिलेख तंत्रज्ञ रुग्णालयाच्या आकडेवारीत जेवढी सुधारणा घडवतो, तेवढी नवीन संगणकांनी भरलेली खोलीही घडवत नाही.

खालच्या पायरीवर शिकवण कामातूनच होई. कर्तारसिंग समितीने १९७३ मध्ये सुचवल्यानंतर हिवताप, देवी, कुटुंबनियोजन यांचे वेगवेगळे कर्मचारी जाऊन बहुउद्देशीय आरोग्य सेवक आणि सेविका आल्या. एका माणसाकडे अनेक कार्यक्रमांच्या वह्या आल्या. महिन्याच्या शेवटी सेविका गरोदर माता, लसीकरण, पात्र जोडपी अशा सगळ्या वह्या समोर घेऊन बसे. चार उभ्या रेघा, त्यांवर पाचवी आडवी, असे गट पाडून ती मोजणी करी आणि पेन्सिलीने बेरीज मांडी. पर्यवेक्षिकेने तपासल्यावर त्यावर शाई फिरे. ही तपासणी म्हणजे दर महिन्याला होणारे प्रशिक्षणच होते. गोवराची लस घेतलेल्या मुलांची संख्या त्या वयाच्या मुलांपेक्षा जास्त कशी, असा प्रश्न पर्यवेक्षिकेने विचारला की सेविकेला आपली चूक कळे. संगणकाने बेरीज अचूक केली, पण हा प्रश्न विचारणारी जागा पुष्कळ ठिकाणी रिकामी पडली.

जगात याच सुमारास सार्वजनिक आरोग्यासाठी संगणक वापरण्याचे वेगळे शास्त्र आकार घेत होते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने १९८५ मध्ये एपी इन्फो ही साथरोग तपासाची मोफत प्रणाली काढली. वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामुदायिक आरोग्य विभागांत भारतातही ती ओळखीची झाली. फ्लॉपीवरून एकमेकांना देता येणारी आणि साध्या संगणकावर चालणारी असल्याने ती विद्यार्थ्यांच्या प्रबंधांपासून साथीच्या तपासापर्यंत सगळीकडे वापरली गेली. १९९५ मध्ये अँड्रयू फ्रीडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखाने ‘पब्लिक हेल्थ इन्फर्मेटिक्स’ या विषयाची मांडणी केली, आणि १९९६ पासून त्याच केंद्राने या विषयाची पाठ्यवृत्ती सुरू केली. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र आणि संगणक या तिन्हींत गती असलेला अधिकारी तयार करणे हा तिचा हेतू. भारतातील जिल्ह्यांपर्यंत असा अधिकारी त्या काळात पोहोचला नाही. इथे आधी संगणक आले, मग पोर्टल, आणि त्यानंतर ते कसे वापरायचे याचे वर्ग.

महाराष्ट्रात संगणकाची भीती घालवण्याचे श्रेय एमएस-सीआयटीला द्यायला हवे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले आणि त्याच वर्षी हा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने घेतली, आणि सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. स्टेशनबाहेरच्या गल्लीत, क्लासेसच्या वरच्या मजल्यावर, मोबाइलच्या दुकानाशेजारी, जिथे मिळेल त्या जागेत केंद्रे निघाली. पालिकेचे लिपिक, औषधनिर्माते, परिचारिका, आरोग्य निरीक्षक नोकरी सांभाळून संध्याकाळच्या बॅचला बसले. माऊस धरणे, फाइल जतन करणे, तक्ता करणे, ईमेल पाठवणे हे सगळे मराठीतून समजावले जाई. आरोग्याचा त्यात एक धडाही नव्हता, आणि तशी अपेक्षाही नव्हती. पण चाळिशी उलटलेल्या सेविकेला कळफलकावर बोट ठेवण्याचा धीर या वर्गांनी दिला, आणि पुढच्या दोन दशकांची सारी पोर्टले त्या धिरावर उभी राहिली.

शेजारच्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने त्याच सुमारास नागरी सुविधा केंद्र उघडून पालिकेचे व्यवहार संगणकावर आणले. जन्म-मृत्यूचे दाखले खिडकीवर संगणकातून निघू लागले आणि हा प्रयोग देशभर नावाजला गेला. राज्य सरकारने इतर पालिकांसाठी हाच नमुना पुढे ठेवला. अशा प्रयोगात जुन्या वह्यांतील नोंदी संगणकात चढवण्याचे काम सर्वांत कठीण असते. चाळीस वर्षांपूर्वीचे अक्षर वाचायचे, फाटलेला कोपरा सांभाळायचा, आणि जे वाचता येत नाही ते अंदाजाने भरायचे नाही. हे शेवटचे पथ्य शिकवावेच लागते. अंदाजाने भरलेले वडिलांचे नाव पुढे शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत माणसाचा पाठलाग करते.

लिपीनेही पुष्कळ काळ छळले. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक कार्यालयाचा मराठी फाँट वेगळा. एका संगणकावर श्रीलिपी किंवा आकृती या फाँटमध्ये टाइप केलेला अहवाल दुसऱ्यावर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. त्यामुळे आरोग्याची माहिती इंग्रजीतच भरण्याची सवय लागली, आणि नावांचे हाल झाले. गायकवाड हे आडनाव तीन-चार प्रकारे, लक्ष्मी हे नाव दोन प्रकारे. वासवानी कोणी व्ही लावून लिहिले, कोणी डब्ल्यू लावून. मराठी, सिंधी, हिंदी बोलणारी आणि उत्तरेतून, दक्षिणेतून आलेली कुटुंबे एकाच वस्तीत राहतात अशा शहरात ही अडचण रोजची होती.

सार्वजनिक आरोग्यासाठी म्हणून खास आखलेले माहिती तंत्रज्ञानाचे पहिले मोठे प्रशिक्षण एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पाने आणले. नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने हा प्रकल्प सुरू झाला, आणि पहिल्या टप्प्यातील नऊ राज्यांत महाराष्ट्र होता. त्याची रचना शिकवायला सोपी होती. एस फॉर्म आरोग्य सेवकाचा : ताप, जुलाब, कावीळ अशी केवळ लक्षणे. पी फॉर्म डॉक्टरचा : त्याचे निदान. एल फॉर्म प्रयोगशाळेचा : तपासणीने सिद्ध झालेला रोग. सोमवार ते रविवार असा आठवडा धरून तिन्ही फॉर्म जिल्ह्याला जात, तिथून पुण्याच्या राज्य कक्षाला आणि पुढे दिल्लीला. जिल्हा सर्वेक्षण अधिकारी, डाटा मॅनेजर आणि डाटा एन्ट्री ऑपरेटर ही पदे याच प्रकल्पाने रूढ केली. इस्रोच्या एज्युसॅट उपग्रहाचे आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे जाळे वापरून दूरस्थ प्रशिक्षणाची सोय झाली.

या शिक्षणातला मोलाचा भाग आलेखाचा होता. मागच्या तीन वर्षांत याच आठवड्यात जुलाबाचे किती रुग्ण होते, यंदा किती आहेत, रेघ कुठे वर चढते. हे वाचता येणे म्हणजे आकडा भरणाऱ्याचा आकडा समजणारा होणे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीने बदलापूर, उल्हासनगर आणि कल्याणच्या सखल वस्त्या बुडवल्या. त्यानंतर मुंबई महानगर परिसरात लेप्टोस्पायरोसिसने अनेकांचे बळी घेतले. पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसाला आठवड्याभरात ताप आला तर त्याला आधी काय विचारायचे आणि कुठल्या रकान्यात लिहायचे, याची किंमत त्या पावसाळ्यात सर्वांनाच कळली.  

या साप्ताहिक फॉर्मांत एक उणीव होती, आणि ती या पट्ट्याला विशेष जाणवावी अशी. फॉर्म रोगांची यादी ओळखत. कारखान्यातून सुटणारा वायू ओळखत नसत. अंबरनाथच्या डोंगरातून निघून शिवमंदिराजवळून उल्हासनगरकडे वाहणारी वालधुनी रासायनिक सांडपाण्याने वर्षानुवर्षे भरली आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात तिच्यात घातक रसायन ओतले गेले, काठावरच्या लोकांना उलट्या, मळमळ आणि श्वासाचा त्रास झाला आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. जून २०२१ मध्ये बदलापुरातही वायुगळतीने लोकांना श्वास घेणे अवघड झाले. ५ एप्रिल २०२१ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक आरोग्य माहिती मंचात अशा अचानक घटनेची सूचना देण्यासाठी वेगळा फॉर्म आला, आणि आठवड्याच्या बेरजेऐवजी प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र, ठिकाणासह नोंद सुरू झाली. औद्योगिक शहराच्या आरोग्य कर्मचाऱ्याला साथीइतकाच हा फॉर्म शिकवला जायला हवा.

२००८ आणि २००९ ही दोन वर्षे सेविकांच्या कामात मोठा पालट घडवून गेली. ऑक्टोबर २००८ मध्ये केंद्राचे आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीचे (एचएमआयएस) पोर्टल सुरू झाले. पेन्सिलीची मासिक बेरीज त्यात गेली. डिसेंबर २००९ मध्ये माता-बालक ट्रॅकिंग प्रणाली आली, आणि बेरजेची जागा नावाने घेतली. किती गरोदर माता नोंदल्या, याऐवजी कोणती गरोदर माता कोणत्या तपासणीला आली नाही, हे दिसावे हा हेतू. प्रत्येक मातेला स्वतंत्र क्रमांक मिळाला; पुढे प्रजनन व बाल आरोग्याच्या (आरसीएच) पोर्टलवर तो बारा अंकी झाला.

हेतू उत्तम होता. काम किती नाजूक होते ते मात्र टेबलाशी बसल्यावरच समजते. शेवटच्या पाळीची तारीख हा या नोंदीचा पाया, कारण बाळंतपणाची अपेक्षित तारीख त्यावरून निघते. बाई तारीख सांगत नाही. ती सांगते, ‘गौरी उठल्यावर चार दिवसांनी’, ‘पितृपक्षात’, ‘पोराची परीक्षा होती तेव्हा’. अनुभवी सेविका भिंतीवरचे कालनिर्णय काढून पाने उलटते, गौरी विसर्जनाचा दिवस शोधते, चार दिवस पुढे मोजते, मग तारीख लिहिते. नवखी महिन्याची पहिली तारीख टाकून मोकळी होते. दोन्ही नोंदी पोर्टलवर सारख्याच हिरव्या दिसतात. त्यातच पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. सासरी बदलापुरात नवऱ्याच्या नावासह नोंद झालेली, सातव्या महिन्यात ती माहेरी गेली आणि तिथल्या सेविकेने वडिलांच्या आडनावाने पुन्हा नवी नोंद केली. एका बाईची दोन झाली. एक नोंद बाळंतपणाशिवाय अर्धवट लटकली आणि ‘पाठपुरावा बाकी’ या यादीत महिनोन्‌महिने झळकत राहिली. जुना क्रमांक शोधायचा, तो पुढे चालवायचा, नवा द्यायचा नाही, हे शिकवायला एक दुपार पुरते. पण ती दुपार प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात बहुधा नसे.

त्याचे कारण प्रशिक्षणाच्या पद्धतीत होते. राज्य पातळीवर तज्ज्ञ प्रशिक्षक तयार व्हायचे, त्यांनी जिल्ह्याला शिकवायचे, जिल्ह्याने तालुक्याला आणि पालिकेला, आणि शेवटी सेविकेपर्यंत ते पोहोचायचे. प्रत्येक पायरीवर वेळ कमी होत गेला आणि ‘का’ गळत गेला. उरले ते ‘इथे क्लिक करा’. पुण्यातली यशदा, नागपूरची सार्वजनिक आरोग्य संस्था, मुंबईतली टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांच्या अभ्यासक्रमांतून अधिकारी सखोल शिकले. त्यांच्या खालच्या फळीला ‘ओरिएंटेशन’ मिळाले. डाटा एन्ट्री ऑपरेटर कंत्राटी. तो शिकून तयार झाला की चांगल्या पगाराच्या नोकरीला जाई, आणि नव्याला पुन्हा पासवर्डपासून सुरुवात.

क्षयरोग कार्यक्रमात हे शिक्षण अधिक टिकले, कारण तिथे पर्यवेक्षणाची परंपरा घट्ट होती. रुग्णाचे कार्ड, प्रयोगशाळेची वही आणि तिमाही अहवाल यांचा मेळ घालणे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकाच्या रोजच्या कामातच होते. मे २०१२ मध्ये खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्ण कळवणे बंधनकारक झाले आणि त्याच वर्षी निक्षय पोर्टल आले. दाट वस्तीच्या, खासगी दवाखान्यांनी गजबजलेल्या उल्हासनगरसारख्या शहरात कार्यक्रमाच्या माणसाला आता डॉक्टरांनाही नोंद शिकवावी लागली. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेचे महिन्याला ५०० रुपये थेट रुग्णाच्या खात्यात जमा होऊ लागले, आणि पोर्टलवरच्या एका अंकाला पोटाचा अर्थ आला. खाते क्रमांकात एक आकडा चुकला, बँकेचा कोड जुना राहिला, की रुग्णाचे अंडी-दूध थांबते. चूक कोणाच्या ताटातून काय काढून घेते हे कळल्यावर माणूस नोंद तपासून करतो. 

शिकणाऱ्याची भाषा आणि साधन यांचा विचार न केल्यास काय होते, ते अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले. पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप इंग्रजीत होते. दिलेले फोन कमी क्षमतेचे, तापणारे आणि वारंवार बंद पडणारे. त्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी फोन सरकारला परत केले आणि प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. आशा कार्यकर्त्यांच्या संघटनांनीही मोबदल्याशिवाय लादल्या जाणाऱ्या ऑनलाइन कामाला वेळोवेळी विरोध केला. हा तंत्रज्ञानाला विरोध होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वर्षानुवर्षे वह्या बिनचूक ठेवणाऱ्या बायकांची मागणी आपल्या भाषेत, चालणाऱ्या यंत्रावर, योग्य मोबदल्यात काम करण्याची होती.

करोनाच्या साथीत या सगळ्या शिक्षणाची एकदम परीक्षा झाली. मुंबईच्या रुग्णालयांत, पोलीस दलात, बेस्टमध्ये काम करणारे असंख्य लोक या तीन शहरांत राहतात. चाचणी मुंबईत, घर बदलापुरात, उपचार आणखी तिसरीकडे. प्रयोगशाळेने आयसीएमआरच्या पोर्टलवर कामाचा पत्ता लिहिला तर रुग्ण मुंबईच्या यादीत जाई आणि बदलापूरच्या पालिकेला त्याचे घर कळायला दिवस जात. १९६९ च्या कायद्यापासून चालत आलेला ठिकाणाचा प्रश्न आता तासांच्या हिशेबाने जीवघेणा झाला. वेगवेगळ्या याद्यांचा मेळ घातल्यावर १६ जून २०२० रोजी राज्याने आधी न मोजलेल्या १,३२८ मृत्यूंची भर जाहीर केली. त्यांपैकी ८६२ मुंबईतले आणि ४६६ उर्वरित महाराष्ट्रातले होते. ते मृत्यू कोणत्या ना कोणत्या कागदावर होतेच. एका यादीतून दुसरीत ते नेणारे प्रशिक्षित हात कमी पडले होते.

त्याच काळात प्रशिक्षणाची रीतही बदलली. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने आयगॉट-दीक्षा मंचावर करोनाचे ऑनलाइन पाठ सुरू केले, आणि परिचारिकांनी ड्युटीवरून परतल्यावर, घरी जेवणानंतर मोबाइलवर ते पाहिले. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा लसनोंदणीचे कोविन पोर्टल नीट चालेना आणि महाराष्ट्रात पहिल्या दिवसाच्या नोंदी कागदावर घ्याव्या लागल्या. ज्यांना कागदी नोंद पक्की येत होती, त्यांच्या केंद्रावर काम अडले नाही. पुढच्या काही महिन्यांत कोविन इतके अंगवळणी पडले, की पूर्वी पोर्टलचे नाव काढताच ऑपरेटरकडे बोट दाखवणाऱ्या सेविका स्वतः नोंदी पडताळू लागल्या. रोज, शेकडो वेळा, लगेच दिसणाऱ्या परिणामासह केलेले काम हे कोणत्याही कार्यशाळेहून चांगले शिक्षण ठरले.

सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले आणि चौदा अंकी आरोग्य क्रमांक आला; त्यालाच पुढे आभा हे नाव मिळाले. एका माणसाच्या सर्व रुग्णालयांतील नोंदी त्याच्या संमतीने जोडता याव्यात ही त्यामागची कल्पना. विम्याचा दवाखाना, पालिकेचा दवाखाना आणि राज्याचे रुग्णालय यांच्यात वाटल्या गेलेल्या अंबरनाथच्या कामगाराला तिचा उपयोग उघड आहे. पण संमती म्हणजे काय, हे टेबलावरच्या माणसाला शिकवणे बाकी आहे. उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी घाईघाईने ओटीपी मागून काढलेला क्रमांक ही संमती नव्हे. एचआयव्ही-एड्सविषयक २०१७ चा कायदा आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा यांनी गुप्ततेची जबाबदारी स्पष्ट केली आहे. एकाच चाळीत राहणारे रुग्ण आणि ऑपरेटर, एकच पासवर्ड वापरणारे चौघे, पडदा रांगेकडे वळलेला संगणक, या साध्या गोष्टींपासून ते शिक्षण सुरू व्हायला हवे.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा अमलात आला. नोंदी राष्ट्रीय पातळीवर डिजिटल स्वरूपात ठेवणे आणि शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत अनेक कामांसाठी जन्मदाखला हा पुरावा मानणे या त्यातल्या मुख्य गोष्टी. त्यामुळे निबंधकाच्या टेबलावरील लिपिकाचे काम पूर्वी कधी नव्हते इतके वजनदार झाले आहे.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात जी दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत अंबरनाथचे एक आहे. वैद्यकीय महाविद्यालय आले की सामुदायिक आरोग्य विभाग येतो, आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या अभ्यासक्रमानुसार प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात, ज्यांच्याकडे त्याने वर्षानुवर्षे जाऊन त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवायची असते. नोंद, आलेख, साथीचा तपास आणि माहितीची गुप्तता हे विषय अधिकारी, विद्यार्थी, सेविका आणि ऑपरेटर यांना एकाच ठिकाणी शिकवू शकेल असा विभाग त्यामुळे प्रथमच या शहरांच्या आवाक्यात आला आहे. त्याच्या वर्गांत सेविकांनाही बाक मिळाला, तर गौरी विसर्जनावरून तारीख काढणाऱ्या आणि बराकीशेजारची खूण लिहिणाऱ्या बायका तिथे विद्यार्थी म्हणून जशा हव्यात, तशाच शिक्षक म्हणूनही.